रविवारी पहाटे तीन वाजता तुमची इमारत किती वीज खाते?

प्रश्न थोडक्यात असा: बाणेरला आमची सहा मजली व्यापारी इमारत आहे, वडिलांनी २०१० साली बांधलेली. क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मीटर. भाडेकरू म्हणजे दोन सॉफ्टवेअर कंपन्या, एक बँकेची शाखा आणि एक डायग्नोस्टिक सेंटर. सेंट्रल एसी आहे, तळघरात एसीचं पाणी थंड करणारे दोन चिलर, गच्चीवर ती उष्णता बाहेर सोडणारा कूलिंग टॉवर. वर्षाला साधारण साडेसहा लाख युनिट जळतात. आता एका भाडेकरू कंपनीची मेल आलीय की इमारतीच्या वीजवापराचा पर्यावरणावर होणारा परिणाम आकड्यांत कळवा. भाऊ म्हणतो, गच्चीवर सोलर लावू आणि मोकळे होऊ. मेलला काय उत्तर द्यायचं आणि खरंच काही करायचं तर सुरुवात कुठून करायची?

भावाला सांगा, सोलर जरूर लावा, पण त्याने मोकळे होणार नाही. का, ते पुढे हिशोबातच दिसेल. मी एनर्जी ऑडिटर आहे, म्हणजे इमारतीत वीज कुठे जाते ते तपासते. जवळपास वीस वर्षं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या ऑफिसांची तळघरं, गच्च्या आणि पॅनेल रूम पालथ्या घालतेय. तुमच्यासारखी इमारत माझ्या ओळखीची आहे, म्हणजे अगदी तुमची नसली तरी तिच्या बहिणी पुष्कळ पाहिल्यात.

आधी मेलचं उत्तर, कारण ते सोपं आहे. भाडेकरूला हा आकडा का लागतो तेही कळू द्या. सेबीने शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक बाबींचा अहवाल देणं बंधनकारक केलंय. परदेशी कंपन्यांची मुख्य कार्यालयं तर त्याआधीपासूनच हे मागतात. त्यामुळे ही मेल दरवर्षी येणार, असं धरूनच चाला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी एक आकडा जाहीर करतं: देशाच्या ग्रिडमधून एक युनिट वीज घेतली की किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. अलीकडच्या वर्षांत तो ०.७ किलोच्या थोडा वर असतो. साडेसहा लाख गुणिले ०.७ म्हणजे ४५५ टन. भाडेकरूला त्याच्या सबमीटरचे युनिट आणि कॉमन वापरातला त्याचा वाटा मिळून जेवढं होईल, त्याला त्या वर्षीच्या आकड्याने गुणून द्यायचं. जनरेटरचं डिझेल वेगळं मांडायचं, लिटरला २.६८ किलो. तुमच्याकडे वर्षाला दोन-तीन हजार लिटर जळत असेल तर ते पाच ते आठ टन होईल. एकूण हिशोबात ते किरकोळ आहे. पण गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की ज्यांच्या खिडक्यांसमोर तुमच्या जनरेटरचं धुराडं भकाभका धूर सोडतं, त्यांना ते किरकोळ वाटत नाही. धुराडं गच्चीच्या वर काढलेलं नसेल तर ते काम या यादीत सगळ्यात आधी करा.

आता ४५५ टन हा आकडा कुणाच्याच डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून मी तो कोळशात सांगते. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते आणि आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट काढायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे तुमच्या इमारतीसाठी वर्षाला तीनशे टनांच्या आसपास. मालगाडीची एक वाघीण साठेक टनांची धरली तर पाच वाघिणी. त्यात तीस ते चाळीस टक्के राख, म्हणजे शंभर टन राख चंद्रपूर, कोराडी, परळी असल्या कुठल्या तरी गावाच्या राखेच्या तळ्यात जाऊन पडते. शिवाय पाणी. जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने २०१५ साली घातलेली मर्यादाच मुळी युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. म्हणजे बाणेरमधल्या एसीसाठी मराठवाड्यात पाणी खर्ची पडतं, आणि परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवायची वेळ आली होती हे आपण पेपरात वाचलेलं आहे.

पुण्याला हे नवीन नाही खरं तर. सेनापती बापट रस्त्यावर काचेच्या किती इमारती उभ्या राहिल्या! ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे, त्यांनी १९२१ साली मुळशीत सत्याग्रह केला तो वीजनिर्मितीसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाच्याच विरोधात. वीज मुंबईला जाणार होती आणि जमीन मावळातल्या शेतकऱ्यांची बुडणार होती. त्या रस्त्यावर ऑडिटला गेले की मला हे हटकून आठवतं. पॅनेल रूममध्ये बोलून दाखवायची सोय नसते, म्हणून इथे लिहिलं.

तर मेलचं उत्तर झालं. आता दुसरा भाग, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

सोलरचा हिशोब करू. तुमची गच्ची साधारण ८३० चौरस मीटर. त्यातून कूलिंग टॉवर, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, शेजारच्या उंच इमारतीची सावली आणि ये-जा करायची जागा वजा केली तर निम्मी उरते. एका किलोवॅटला दहा चौरस मीटर धरले की ४० किलोवॅट. पुण्यात एक किलोवॅट वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, पावसाळ्याचे ढग धरून. ४० किलोवॅटचे झाले ५६,०००. तुमच्या साडेसहा लाखांच्या नऊ टक्क्यांहून कमी. बंगल्याला सोलर पुरतं, कारण त्याच्या डोक्यावर त्याचं सगळं छप्पर असतं. तुमच्याकडे सहा मजल्यांनी एक छप्पर वाटून घेतलेलं आहे.

आता दुसरा हिशोब, जो सोलरवाला तुम्हाला करून दाखवणार नाही. आठवड्याचे तास १६८. ऑफिसं सोमवार ते शुक्रवार अकरा तास चालतात असं धरलं तर ५५ तास झाले. उरलेले ११३ तास इमारत जवळपास रिकामी. वर्षाचे होतात ५,८७६ तास. या काळात तुमचा मीटर सरासरी ३० किलोवॅट दाखवत असेल (आणि या आकाराच्या इमारतीत ते मला मुळीच जास्त वाटत नाही), तर पावणेदोन लाख युनिट कुणीही नसताना गेले. सोलरच्या तिप्पट.

म्हणून इमारत पाहायला जाण्याआधी मी मालकाकडे पहिली मागणी करते ती लोड सर्व्हेची. तुमचं कनेक्शन उच्चदाबाचं असेल तर महावितरणच्या मीटरमध्ये दर पंधरा किंवा तीस मिनिटांची नोंद साठते. ती मागवून घ्या आणि रविवारी पहाटे तीनचा आकडा बघा. ऑफिसच्या वेळेतल्या सरासरीच्या एक दशांशाच्या आत असेल तर तुमचा ऑपरेटर हुशार आहे, त्याचा पगार वाढवा. एक चतुर्थांश असेल तर इमारतीत कुणीतरी रात्रपाळी करतंय आणि ते माणूस नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्वेच्या उपनगरातली एक इमारत, तुमच्यापेक्षा थोडी मोठी. रात्रीचा लोड ७० किलोवॅट आणि मालकांची खात्री होती की मीटर खराब आहे. मी शनिवारी रात्री अकराला गेले. वॉचमन काका बुचकळ्यात पडले, कारण ऑडिटवाले दिवसा येतात, चहा पितात आणि फोटो काढून जातात. सगळे मजले अंधारात होते, पण तळघरात मात्र दीडशे टनांचा चिलर खणखणत होता. त्याच्यासोबत थंड पाण्याचा पंप, कंडेन्सरचा (चिलरमधल्या उष्णता सोडणाऱ्या भागाचा) पंप, गच्चीवर टॉवरचा पंखा, अशी सगळी वरात. कुणासाठी? चौथ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूमसाठी. तिथे दोन रॅक होते. इमारत बांधताना त्या खोलीची एसी सेंट्रल लाइनवरच जोडली होती आणि 'सर्व्हर बंद पडला तर जबाबदारी तुमची' असं लेखी आल्यावर ऑपरेटरने आठ वर्षं चिलर बंद केला नव्हता. पेशंट एक आणि त्याच्यासाठी अख्खं हॉस्पिटल जागं. त्या खोलीला दोन-दोन टनांचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट बसवले, आलटून पालटून चालणारे. रात्रीचा लोड २५ किलोवॅटवर आला. वर्षाचे पावणेतीन लाख युनिट वाचले, म्हणजे जवळपास १९० टन कार्बन. दोन स्प्लिटचा खर्च दोन महिन्यांत सुटला.

तुमच्याकडे हा पेशंट कोण असेल ते प्रश्न वाचतानाच माझ्या डोक्यात आलं. डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एमआरआय आहे का? असेल तर त्यातलं हेलियम द्रवरूप ठेवणारा कॉम्प्रेसर चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस चालतो. मशीन वापरात असो वा नसो, तो बंद करता येत नाही. तो सहा-सात किलोवॅटचा असतो आणि त्याला थंड पाणी लागतं. हे पाणी त्यांच्या स्वतःच्या छोट्या चिलरवरून येतं की तुमच्या तळघरातल्या मोठ्यावरून, हे आजच्या आज विचारा. मोठ्यावरून येत असेल तर तुमचं उत्तर सापडलं. दुसरा संशयित बँकेचं एटीएम. त्याची एसी रात्रभर चालणार हे खरं, पण ती स्वतंत्र असावी. तिसरा म्हणजे रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी बोलणारे पंधराजण. पंधरा माणसांसाठी अख्ख्या मजल्याचा एएचयू (थंड हवा फिरवणारं यंत्र) चालतो, कारण मजल्याचं झोनिंग, म्हणजे भागाभागाने एसी बंद करायची सोय, कधी केलेलीच नाही. त्यांना एका कोपऱ्यात बसवायला सांगितलं तर एचआरवाले नाराज होतात. होऊ द्या.

रात्रीची वीज पर्यावरणाला आणखी एका कारणाने महाग पडते. दुपारी ग्रिडमध्ये सौरऊर्जा असते. संध्याकाळी सातनंतर ती नसते आणि मागणी मोठ्या प्रमाणात कोळशावर भागवली जाते. प्राधिकरणाचा ०.७ हा वर्षाची सरासरी आहे. पहाटे तीनचं युनिट त्या सरासरीपेक्षा काळं आणि दुपारी एकचं जरा उजळ. कागदावर हा फरक दिसत नाही आणि भाडेकरूच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाही नाही. पण पर्यावरणाचं विचारत असाल तर तो आहे.

आता दिवसाकडे येऊ. तुमच्या साडेसहा लाखांतले निम्म्याच्या आसपास, समजा तीन लाख, एसीत जातात. दिवे आता बहुतेक ठिकाणी एलईडी झालेत, तुमच्याकडे जुन्या ३६ वॉटच्या ट्यूब उरल्या असतील तर बदला, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. लिफ्ट आणि पंप थोडं खातात. खरा खेळ एसीचा.

आणि इथे मला पुण्याच्या हवेबद्दल बोलायचंय. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३८-३९ असलं तरी पहाटे २०-२२ असतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊला बाहेर पंधरा-सोळा अंश असताना मी चालू चिलर पाहिलेत. बाहेरची हवा आत घेतली की काम होण्यासारखं असतं, पण एएचयूचा ताज्या हवेचा डॅम्पर (झडप) गंजून जागच्या जागी बसलेला असतो किंवा धूळ येते म्हणून कुणीतरी त्यावर थर्माकोल चिकटवलेला असतो. माणसांना आणि कॉम्प्युटरना उष्णता सोडायला ऋतू लागत नाही हे मान्य, त्यामुळे हिवाळ्यातही थोडं थंड करावं लागतं. ते काम फिल्टर लावून घेतलेली बाहेरची हवा फुकटात करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी अकरापर्यंत चिलर सुरू न करणं हा पुण्यातल्या जुन्या इमारतीसाठी मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. उन्हाळ्यात हाच उपाय रात्री वापरता येतो. पहाटे चार ते सहा नुसते एएचयूचे पंखे चालवून दिवसभर तापलेल्या स्लॅबची उष्णता बाहेर काढायची. पावसाळ्यात मात्र हा खेळ चालत नाही, हवा थंड असली तरी दमट असते आणि खोलीत कुबट वास सुटतो.

तापमान किती ठेवता? मला खात्री आहे की २२. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या सांगण्यानुसार एक अंश वर नेला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या, खोलीत बसवायच्या एसी कारखान्यातूनच २४ वर ठरवून येतात. सेंट्रल एसीला असं सांगणारं कुणी नाही. भर मे महिन्यात ऑफिसात शाल पांघरून बसलेल्या मुली मी दर वर्षी पाहते आणि त्याच मजल्यावर पश्चिमेच्या काचेपाशी घाम पुसणारा माणूसही. थर्मोस्टॅट साहेबांच्या केबिनमध्ये असतो हे वेगळं सांगायला नको. फॉल्स सीलिंग करताना आपण छताचे पंखे काढून टाकले, ही या शहरातल्या ऑफिसांची मोठी चूक आहे असं माझं मत आहे. इंटिरिअरवाले माझ्यावर चिडतात. पण २६ अंश आणि अंगावर मंद वारा, यात पुणेकर खुशीत बसतो. नवीन बीएलडीसी पंखा तीसेक वॉटमध्ये चालतो.

काचेबद्दल. २०१० ची इमारत म्हणजे पश्चिमेला साधी एकपदरी काच असणार. अशी काच ऊन पडल्यावर त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता आत सोडते. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता पहिल्यांदा आली २००७ साली, सुधारली गेली २०१७ मध्ये. त्या आवृत्तीत उत्तर सोडून बाकीच्या बाजूंच्या काचांसाठी हे प्रमाण २७ टक्क्यांवर आणलंय आणि काच भिंतीच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असंही म्हटलंय. ही संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी किंवा त्याहून जास्त असलेल्या नव्या इमारतींसाठी आहे, तुमची जुनी तिच्यात बसत नाही. काच बदलायला मी सांगणार नाही, तो खर्च वीजबिलातून लवकर निघत नाही. फिल्म लावता येते, ती काही वर्षांत फुगते आणि सोलवटते. बाहेरून सावली करणं उत्तम. उष्णता काचेच्या बाहेर अडवली तर अडते, एकदा आत आली की पडदा लावून उपयोग नाही, पडदाच तापतो. हडपसरला सुझलॉनचं वन अर्थ आहे, वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर यांनी आखलेलं. तिथे इमारत बुटकी ठेवून बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी ऊन अडवलंय आणि उजेड मात्र आत येतो. तुमच्या पश्चिमेला निदान वरच्या तीन मजल्यांना तशा पट्ट्या बसवता येतील का, ते एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

यानंतर येतं पाणी, आणि ते बाणेरमध्ये फार महत्त्वाचं आहे. पाण्याने थंड होणारा चिलर उष्णता बाहेर टाकतो तो टॉवरमध्ये पाणी उडवून. एक टन एसी एक तास चालली की साडेसहा लिटर पाणी वाफ होऊन जातं. तुमचा प्लांट पंपांसकट टनामागे एक किलोवॅट घेतो असं धरलं तर तीन लाख युनिटांत तीन लाख टन-तास झाले. वाफ जवळजवळ वीस लाख लिटर, वर क्षार वाढू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी धरून पंचवीस लाख. दहा हजारांच्या टँकरचे अडीचशे टँकर. तुमची वीज तयार करताना औष्णिक केंद्रात जेवढं पाणी लागतं त्याहून हे जास्त निघतं. कार्बनच्या आकड्यात यातला थेंबही दिसत नाही, पण मार्चपासून मे संपेपर्यंत बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यांवर टँकरची जी रांग दिसते तिच्यात तुमचा वाटा आहे.

मग हवेने थंड होणारा चिलर बसवायचा का? पाणी वाचेल, वीज वाढेल. मी अशा वेळी पाण्याचाच ठेवते, फक्त पाणी सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेलं आणि सॉफ्टनरमधून काढलेलं. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, जड. ते तसंच वापरलं की कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो, घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. थर बसला की कंडेन्सरचं तापमान चढतं आणि दर अंशामागे चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. ऑपरेटर मामांच्या लॉगबुकात रोज दोन तापमानं लिहिलेली असतात: कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं आणि आतल्या गॅसच्या सांद्रीभवनाचं, म्हणजे तो द्रव होतो तेव्हाचं. दोन्हींत दीड-दोन अंशांचा फरक ठीक. चार-पाच झाला की नळ्या साफ करायला माणूस बोलवा. लॉगबुकात महिनाभर सगळे आकडे एकसारखे दिसले तर समजून जा की ते खुर्चीत बसून भरलेत.

पंपांचं सांगते, कारण इथे पैसा लवकर निघतो. पंपाचा वेग शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, गणित घनाचं आहे. म्हणून वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी बसवतात. पण निम्म्या इमारतींत मला व्हीएफडी 'मॅन्युअल' वर आणि ५० हर्ट्झवर ठेवलेले सापडतात. कधीतरी एका मजल्यावर थंड होईना अशी तक्रार आली, टेक्निशियनने फुल करून ठेवला, तो तसाच राहिला. यंत्र विकत घेतलं, पाटी लावली, बचत शून्य. बीएमएसचं, म्हणजे इमारतीची यंत्रं सांभाळणाऱ्या संगणकाचं, तर विचारूच नका. स्क्रीन असते, पासवर्ड बसवून गेलेल्या कंपनीकडे असतो आणि देखभालीचा करार तीन वर्षांपूर्वी संपलेला.

आणखी एक गोष्ट जी विजेच्या बिलात कधीच येत नाही: गॅस. तुमच्या चिलरमध्ये बहुधा आर-१३४ए असेल. त्याचा एक किलो हवेत सुटला की १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. भाडेकरूंनी लावलेल्या स्प्लिटमध्ये आर-४१०ए असेल तर २,०८८, जुन्यांत आर-२२ असेल तर १,८१० आणि तो ओझोनलाही मारक. दीड टनाच्या स्प्लिटमध्ये किलोभर गॅस असतो. तो पूर्ण गळाला तर दोन टन कार्बन, म्हणजे जवळपास तीन हजार युनिट जाळल्यासारखं. आपल्याकडे एसीवाला येतो, 'गॅस कमी झालाय, भरून देतो' म्हणतो, गळती कुठे आहे ते शोधत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतो. गॅस हे काही पेट्रोल नव्हे, बंद सर्किटमधून तो संपायला नको. दरवर्षी गॅस भरल्याची पावती असेल तर त्या मशीनला भोक आहे, इतकं साधं. या पावत्या गोळा करा, किलोंची बेरीज करा आणि मेलच्या उत्तरात स्वतःहून टाका. हायड्रोफ्लुरोकार्बन कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिलीय, त्यामुळे पुढे हे वायू महागत जाणार. नवीन स्प्लिट घ्यायची वेळ आली तर आर-३२ किंवा आर-२९० घ्या, पहिल्याचा आकडा ६७५ आणि दुसऱ्याचा अगदी एक अंकी आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, ज्वलनशील, तेव्हा बसवणारा शिकलेला हवा.

आता तुमच्या इमारतीतलं भांडण, म्हणजे पैसे कुणी घालायचे. तुम्ही चिलर बदललात तर बिल भाडेकरूंचं कमी होणार. भाडेकरूने केलं तर तीन वर्षांनी तो जागा सोडून जाणार, मशीन तुमचं. त्यामुळे दोघंही हात बांधून बसतात आणि ४५५ टन दरवर्षी जात राहतात. त्यात एसीचे पैसे तुम्ही क्षेत्रफळावर, कॅममध्ये (सामाईक देखभाल खर्चात) घेत असाल (मला वाटतं घेताच), तर कुणालाच बंद करायची गरज वाटत नाही. चाळीत नळाची पट्टी सगळ्यांना सारखी असली की कुणी नळ बंद करत नाही, तसंच. प्रत्येक मजल्याच्या थंड पाण्याच्या लाइनवर किती थंडावा घेतला ते मोजणारा बीटीयू मीटर बसवा आणि वापरेल तसं बिल लावा. मी जिथे जिथे हे होताना पाहिलंय तिथे पहिल्या दोन महिन्यांत भाडेकरूंचे फोन येतात, 'शनिवारी आमचा मजला बंद ठेवा' म्हणून. मशीन एकही बदललेलं नसतं.

तुमचे चिलर पंधरा वर्षांचे झालेत, पंप धरून टनामागे ०.९ ते एक किलोवॅट घेत असतील, आजचे चांगले ०.६ च्या आसपास घेतात. बदलावे लागतीलच, पण ते सगळ्यात शेवटी. आधी रात्रीचा लोड, डॅम्पर, २४ अंश, नळ्या, बीटीयू मीटर. हे झाल्यावर तुमची गरज कमी झालेली असेल आणि तेव्हा दोनशे टनांऐवजी कदाचित दीडशे टनांत भागेल. आधी चिलर घेतला तर वाया जाणाऱ्या थंडाव्यासाठी नवंकोरं मशीन विकत घेतल्यासारखं होईल. औंध रस्त्यावर महाऊर्जाचं, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं, कार्यालय आहे, ऑडिटसाठी त्यांच्या यादीतले लोक तिथे मिळतात. ऑडिटर निवडताना एकच विचारा: रात्री येणार का?

उरलेल्या विजेसाठी मोठं सोलर किंवा पवनऊर्जा बाहेरून घेता येते. २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेच्या ओपन ॲक्सेसची, म्हणजे महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याकडून वीज घेण्याची, मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणलीय, तुम्ही त्यात बसू शकता. त्यावर लागणारं शुल्क आणि अधिभार धरून ते परवडतं का, हे तुमचं बिल पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

लोड सर्व्हे आला की रविवारचे आकडे पाठवा, सोबत एमआरआयचं काय ते कळवा. तोवर भावाच्या सोलरवाल्याला गच्ची मोजू द्या, फक्त ॲडव्हान्स देऊ नका आणि टॉवरच्या शेजारी पॅनेल लावू देऊ नका, तिथल्या पाण्याच्या तुषारांनी काचेवर क्षार बसतो.